सायकल मार्गिका आणि सायकलस्वारांची सुरक्षितता

सायकल मार्गिका म्हणजे रस्त्याचा सायकलस्वारांसाठी राखून ठेवलेला भाग. तो रंगाच्या पट्ट्याने आखलेला असतो, किंवा दगडी कठडा, झाडांची रांग, उंचवटा अशा अडथळ्याने मोटारींच्या वाहतुकीपासून वेगळा केलेला असतो. महाराष्ट्रात यासाठी ‘सायकल ट्रॅक’ हा शब्द सर्रास वापरला जातो. अशा मार्गिकांमुळे शहरात सायकल चालवणे खरोखर सुरक्षित होते का, हा प्रश्न वाहतूकशास्त्रात सुमारे नव्वद वर्षांपासून चर्चिला जात आहे.

उपलब्ध अभ्यासांचे सार असे, की भौतिक अडथळ्याने वेगळ्या केलेल्या, सलग आणि मोकळ्या मार्गिकांमुळे धोका घटतो. केवळ रंगाने आखलेल्या पट्ट्यांचा लाभ अल्प किंवा अनिश्चित असतो. दोन्ही प्रकारांत चौकाची रचना निर्णायक ठरते. भारतात सायकल हे प्रामुख्याने शाळकरी मुले, मजूर, दूधवाले, वृत्तपत्र विक्रेते अशा लोकांचे वाहन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि शेतीबाह्य कामासाठी बाहेर पडणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. दुसरे वाहन परवडत नसलेल्या माणसाने कामावर वा शाळेत सुखरूप पोहोचावे, हा या प्रश्नाचा भारतीय गाभा आहे.

प्रकार

सायकलसाठी केलेल्या सोयी साधारणपणे चार प्रकारच्या असतात.

१. रंगीत पट्टा : मुख्य रस्त्यावरच पांढऱ्या किंवा रंगीत रेषेने आखलेली मार्गिका. खर्च कमी येतो, परंतु रेषा ओलांडण्यापासून वाहनांना काहीही रोखत नाही.

२. विलग मार्गिका : कठडा, खांब, झाडांचा पट्टा किंवा उंचीतील फरक यांनी वेगळी केलेली मार्गिका. ‘सायकल ट्रॅक’ या शब्दाने काटेकोर अर्थाने हीच अभिप्रेत असते.

३. स्वतंत्र मार्ग : नदीकाठ, कालवा, उद्यान किंवा जुना लोहमार्ग यांच्या बाजूने जाणारा, मोटारींचा संबंध नसलेला मार्ग.

४. मंदगती रस्ता : वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर किंवा त्याहून कमी ठेवून सायकली व मोटारी एकत्र चालू दिलेला रस्ता. येथे वेगळ्या मार्गिकेची गरज भासत नाही.

अनेक वादविवादांत हे चारही प्रकार एकाच नावाने ओळखले जातात. त्यामुळे एका प्रकाराविषयीचा निष्कर्ष दुसऱ्याला लावला जातो आणि परस्परविरोधी मते तयार होतात.

इतिहास

नेदरलँड्समधील उट्रेख्त शहरात १८८५ साली मालीबान या रस्त्यालगत सायकलींसाठी मार्ग करण्यात आला. तो त्या देशातील पहिला सायकल मार्ग मानला जातो. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यू या रस्त्यालगत सुमारे अडीच मैल लांबीची सायकल मार्गिका सुरू झाली. तेथील सायकलस्वारांच्या संघटनेने तिला विरोध केला. मार्गिका दिल्यानंतर मुख्य रस्त्यावरून सायकलींना हद्दपार केले जाईल, अशी त्यांची भीती होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. या मृत्यूंच्या विरोधात पालक व नागरिक रस्त्यावर उतरले आणि १९७२-७३ च्या सुमारास ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलसंकटाने तिला बळ मिळाले. पुढे टिलबर्ग व द हेग येथे प्रायोगिक सायकल मार्ग बांधले गेले. १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहरात सर्व भागांना जोडणारे सायकल मार्गांचे जाळे तयार झाले.

नेदरलँड्सचे उदाहरण देताना मार्गिकांचाच उल्लेख होतो, परंतु बदल केवळ त्यांनी घडला नाही. निवासी भागांतील वेगमर्यादा घटवण्यात आली. चौकांची पुनर्रचना झाली. मोटार आणि सायकल यांच्या टकरीत आर्थिक उत्तरदायित्वाचा मोठा भार मोटारचालकावर टाकणारा कायदाही आहे. इतके करूनही धोका संपलेला नाही. २०२२ साली त्या देशात २९१ सायकलस्वार मृत्युमुखी पडले. त्यांत वयस्कर व्यक्तींचे प्रमाण मोठे होते.

धोका मोजण्याची पद्धत

मार्गिका बांधल्यानंतर अपघातांची संख्या वाढली, असे वृत्त कधी कधी येते. तेवढ्यावरून मार्गिका धोकादायक ठरत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रस्त्यावर वर्षाला १ लाख सायकल फेऱ्या होतात आणि १० अपघात घडतात. मार्गिका झाल्यावर फेऱ्या २ लाख झाल्या आणि अपघात १४ झाले. अपघातांची संख्या वाढली, हे खरे. परंतु दर लाख फेऱ्यांमागे अपघात १० वरून ७ वर आले, म्हणजे प्रत्येक सायकलस्वाराचा धोका कमी झाला. याउलट, धोकादायक रस्त्यावरून लोकांनी सायकल नेणेच सोडून दिले, तर अपघात शून्यावर येतील. त्या शून्याला सुरक्षितता म्हणता येत नाही.

म्हणून संशोधक अपघातांची संख्या, फेऱ्यांची संख्या किंवा अंतर आणि दुखापतीचे गांभीर्य या तीन गोष्टी एकत्र पाहतात. अनेक किरकोळ अपघातांची पोलिसांकडे नोंद होत नाही. यासाठी काही अभ्यासांत रुग्णालयांतील नोंदींचा आधार घेतला जातो.

प्रमुख अभ्यास

कॅनडातील टोरांटो व व्हँकुव्हर या शहरांत रुग्णालयात आलेल्या ६९० जखमी सायकलस्वारांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. अपघात झाला ते ठिकाण आणि त्याच प्रवासातील दुसरे एखादे ठिकाण, अशी तुलना त्यात होती. त्यामुळे सायकलस्वाराचे वय, कौशल्य, हवामान हे घटक दोन्ही बाजूंना समान राहिले. कडेला मोटारी उभ्या असलेल्या आणि सायकलींची कोणतीही सोय नसलेल्या मोठ्या रस्त्याच्या तुलनेत विलग मार्गिकेवरील धोका सुमारे एकनवमांश आढळला. माँट्रियल शहरातील २०११ च्या अभ्यासात विलग मार्गिकांवरील दुखापतींचा धोका जवळच्या तशाच रस्त्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी आढळला. या मार्गिकांवर सायकलस्वारांची संख्या अडीचपट होती.

अमेरिकेतील १२ मोठ्या शहरांच्या १३ वर्षांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. विलग मार्गिका अधिक असलेल्या शहरांत सायकलस्वारांसह रस्त्यावरील सर्वांचेच मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे त्यात दिसून आले. केवळ रंगीत पट्ट्यांच्या बाबतीत असा संबंध आढळला नाही.

रंगीत पट्टा अपुरा का पडतो, याचे एक कारण ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २०१९ साली झालेल्या मोजणीतून पुढे आले. पट्टा आखलेल्या रस्त्यावर मोटारी सायकलस्वाराच्या सरासरी २७ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. पट्ट्याच्या कडेला वाहने उभी असतील, तर हे अंतर ४० सेंटिमीटरने घटले. मोटारचालक सायकलस्वारापासूनचे अंतर पाहण्याऐवजी रेषेच्या आत राहण्याकडे लक्ष देतो, असा याचा अर्थ लावला जातो.

संख्येमुळे येणारी सुरक्षितता हाही एक महत्त्वाचा मुद्दा आहे. पीटर जेकबसन यांनी २००३ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली, तर प्रत्येकाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. रस्त्यावर सायकली वरचेवर दिसू लागल्या की चालक त्यांची अपेक्षा ठेवून गाडी चालवतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. स्पेनमधील सेव्हिया शहराने २००६ ते २०१० या काळात सुमारे १२० किलोमीटरचे विलग मार्गिकांचे सलग जाळे उभारले. तेथे सायकल फेऱ्या अनेक पटींनी वाढल्या आणि प्रत्येक फेरीमागील धोका घटला.

चौकाचा प्रश्न

दोन चौकांमधील सलग रस्त्यावर मागून येणाऱ्या वाहनाची धडक हा मुख्य धोका असतो. विलग मार्गिका तो बऱ्याच अंशी दूर करते. चौकात मात्र मार्गिका संपते आणि सर्व वाहने एकमेकांचा मार्ग छेदतात. भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात. मार्गिका डाव्या कडेला असल्याने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराच्या पुढून डावीकडे वळणारे वाहन, विशेषतः ट्रक किंवा बस, हा सर्वांत गंभीर धोका ठरतो. उंच वाहनाच्या चालकाला डाव्या चाकाजवळची सायकल दिसत नाही. झाडे, टपऱ्या किंवा उभ्या गाड्या यांच्याआड असलेला सायकलस्वार तर चौकात अचानक प्रकट होतो.

डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या मार्गिकांवर सोरेन जेन्सन यांनी केलेला अभ्यास याच कारणासाठी वारंवार उद्धृत केला जातो. विलग मार्गिका बांधल्यानंतर सलग रस्त्यावरील अपघात अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी झाले, तर चौकांतील अपघात सुमारे १८ टक्क्यांनी वाढले. मुख्य रस्त्यावर वाहने उभी करण्यास मनाई झाल्याने मोटारी गल्ल्यांत शिरू लागल्या आणि वळणाऱ्या वाहनांची संख्या वाढली, हे त्याचे एक कारण होते. त्याच शहरातील चौकांत सायकलींसाठी निळे पट्टे रंगवण्यात आले. चौकाच्या एकाच बाजूस असा पट्टा असेल तेथे अपघात सुमारे १० टक्क्यांनी घटले. दोन बाजूंस असलेल्या चौकांत ते २३ टक्क्यांनी, तर चारही बाजूंस असलेल्या चौकांत ६० टक्क्यांनी वाढले. रंग सर्वत्र फासला की त्याकडे लक्ष वेधले जाणेच थांबते, असे यावरून म्हणता येते.

यावरील उपाय ठाऊक आहेत. चौकाजवळ उभ्या वाहनांना मनाई करून दृष्टिपथ मोकळा ठेवणे, कोपऱ्याचे वळण अरुंद करून मोटारींचा वेग कमी करणे, सायकलींसाठी थांबरेषा पुढे घेणे, मार्गिका छेदरस्त्यावर उंचवट्यासारखी पुढे नेणे आणि सायकलींना काही सेकंद आधी हिरवा दिवा देणे, हे त्यांपैकी प्रमुख होत.

विरोधी मत

अमेरिकेतील जॉन फॉरेस्टर यांनी १९७० च्या दशकापासून वेगळ्या मार्गिकांना विरोध केला. सायकलस्वाराने स्वतःला वाहनचालक समजून मुख्य रस्त्यावर नियमाने सायकल चालवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. चौकातील धोक्याकडे त्यांनी वेधलेले लक्ष रास्त होते. तथापि, ही पद्धत प्रौढ, वेगवान व आत्मविश्वास असलेल्या व्यक्तीला साधते. बारा वर्षांच्या मुलीकडून किंवा भाजीची पाटी लादलेल्या वृद्धाकडून तीच अपेक्षा करणे अवघड आहे.

दुसरा आक्षेप जागेचा आहे. अरुंद रस्त्यावर मार्गिका काढल्यास वाहतूक कोंडी होते आणि दुकानांसमोर गाड्या उभ्या करता येत नाहीत, असे व्यापारी व वाहनधारक म्हणतात. पदपथाचा भाग कापून मार्गिका केल्यास तोटा पादचाऱ्यांचा होतो. त्यामुळे नियोजनात मार्गिकेची जागा मोटारींच्या रुंदीतून घ्यावी की पदपथातून, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

भारतातील नियम व धोरण

इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सायकल मार्गिकांच्या रचनेविषयीची मानके १९६२ सालीच प्रसिद्ध केली. गर्दीच्या वेळी तासाला ४०० किंवा अधिक सायकली आणि १०० ते २०० मोटारी असतील, तर वेगळी मार्गिका करावी, असे त्यात म्हटले आहे. मोटारी २०० हून अधिक असल्यास तासाला १०० सायकलींसाठीही ती समर्थनीय मानली आहे. १९८९ च्या केंद्रीय रस्ते नियमावलीनुसार गणवेशातील पोलिसाच्या परवानगीशिवाय सायकल मार्गिकेवर मोटार वाहन चालवण्यास मनाई करण्यात आली.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्यावे, असे तत्त्व स्वीकारले आणि सायकलींसाठी विलग मार्गांची शिफारस केली. २०२० साली केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने सायकलस्नेही शहरांसाठी स्पर्धात्मक उपक्रम सुरू केला. त्यातील पहिल्या ११ विजेत्या शहरांत महाराष्ट्रातील नागपूर व पिंपरी-चिंचवड यांचा समावेश होता.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

नांदेड : गुरू गोविंदसिंग यांच्या निर्वाणास व गुरुता-गद्दी सोहळ्यास २००८ साली तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने, तसेच डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या निधीतून, नांदेड-वाघाळा शहरातील अनेक रस्त्यांची पुनर्रचना करण्यात आली. वास्तुरचनाकार प्रदीप सचदेवा यांच्या संस्थेने केलेल्या आराखड्यात पदपथ, सायकल मार्गिका आणि झाडांचा पट्टा यांना रस्त्याच्या रुंदीत जागा देण्यात आली. मराठवाड्यासारख्या उष्ण प्रदेशात झाडांच्या पट्ट्याचे महत्त्व दुहेरी आहे. तो सायकलींना मोटारींपासून वेगळे ठेवतो आणि सावलीही देतो. मोठ्या महानगरांबाहेरच्या शहरातही रस्त्याची अशी विभागणी शक्य आहे, हे या कामाने दाखवून दिले.

पुणे : एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात स्वयंचलित दुचाकींच्या वाढीबरोबर सायकलींचे प्रमाण घटले. २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर जलद बससेवेचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. त्यासोबत सायकल मार्गिकाही बांधल्या गेल्या. त्या ठिकठिकाणी तुटक राहिल्या. विजेची रोहित्रे, उभ्या गाड्या, बसथांबे व विक्रेते यांमुळे सायकलस्वारांना पुन्हा पुन्हा मुख्य रस्त्यावर यावे लागे. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुटे पट्टे बांधण्याऐवजी शहरभर जोडलेल्या जाळ्याची कल्पना मांडली आहे. जंगली महाराज रस्त्याच्या पुनर्रचनेत रुंद पदपथासह सायकल मार्गिकेची तरतूद झाली.

मुंबई : वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सायकल मार्गिका बांधल्या. उभ्या वाहनांमुळे त्या फारशा वापरात आल्या नाहीत आणि पुढे त्या काढून टाकण्याचा निर्णय झाला. तुटक मार्गिका वापरली जात नाही आणि न वापरलेली मार्गिका ‘लोकांना नको आहे’ असे म्हणून काढली जाते, हे चक्र अन्य शहरांतही आढळते.

स्वयंचलित दुचाकींचा प्रश्न

पाश्चात्त्य देशांतील निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लागू होत नाहीत. येथील रस्त्यांवर स्वयंचलित दुचाकींचे प्रमाण मोठे आहे. सायकल जाऊ शकेल अशा प्रत्येक फटीतून मोटारसायकलही जाते. मार्गिकेच्या तोंडाशी खांब दाट रोवले, तर अपंगांची तीनचाकी, मालवाहू सायकल व हातगाडी अडते. खांब विरळ ठेवले, तर कोंडीच्या वेळी दुचाकींची रांग आत शिरते. दुभाजकातील मोकळी जागा दूर असेल, तर वळसा टाळण्यासाठी मार्गिकेतून उलट दिशेनेही वाहने येतात.

नेदरलँड्समध्येही सायकल मार्गांवर हलक्या मोटारसायकली चालत असत. १५ डिसेंबर १९९९ पासून शहरी भागांत त्यांना मुख्य रस्त्यावर नेण्यात आले आणि त्यांचे अपघात कमी झाले. भारतात यासाठी मार्गिकेची रचना, दुभाजकातील वळणजागांचे योग्य अंतर आणि वाहतूक पोलिसांची कारवाई या तिन्हींची एकत्र गरज असते.

सुरक्षित मार्गिकेची लक्षणे

- रुंदी : १९६२ च्या मानकानुसार किमान दोन मीटर.
- सलगता : घर, शाळा, बाजार व बसस्थानक यांना न तुटता जोडणारी.
- पृष्ठभाग : खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि चाक अडकेल अशा गटारांच्या जाळ्या नसलेला.
- मोकळीक : उभी वाहने, फलक, बांधकामाचे साहित्य व खांब यांपासून मुक्त. विक्रेत्यांसाठी आराखड्यातच वेगळी जागा ठेवल्यास हे साधते.
- चौक : दृष्टिपथ मोकळा, वळणाऱ्या वाहनांचा वेग कमी.
- प्रकाश व सावली : रात्री दिवे, दिवसा झाडे. अंधाऱ्या व निर्जन मार्गिकेवर अपघात टळला, तरी मुली व स्त्रिया तिच्यावरून जात नाहीत.

तालुक्याची गावे व महामार्ग

सायकल मार्गिकांची चर्चा महानगरांपुरती मर्यादित राहते, परंतु सायकलचा रोजचा वापर लहान शहरांत व खेड्यांतही मोठा आहे. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ तालुक्यांत, त्यांत मराठवाड्यातील अनेक तालुके येतात, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. मुलींचे शिक्षण सुटू नये, हा त्याचा हेतू आहे.

नांदेड–देगलूर मार्गावरील नायगाव किंवा नरसी यांसारख्या गावांत महामार्ग हाच बाजाराचा आणि शाळेचाही रस्ता असतो. महामार्ग रुंद झाला की दूरच्या प्रवाशाचा वेळ वाचतो. गावात मात्र रस्ता ओलांडण्याचे अंतर आणि वाहनांचा वेग दोन्ही वाढतात. दोन मीटर रुंदीची विलग मार्गिका किंवा सेवारस्ता, गावाच्या हद्दीतील कमी वेगमर्यादा आणि शाळेजवळ उंचवट्याचे ओलांडस्थान, या उपायांना महामार्गाच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडाच निधी लागतो. रुंदीकरणाच्या आराखड्यातच त्यांचा समावेश झाला, तर ते सहज होतात. दुकाने व घरे रस्त्याला भिडल्यानंतर त्यांसाठी जागा मिळवणे कठीण जाते. शासनाने दिलेली सायकल मुलीला शाळेपर्यंत पोहोचवते की नाही, हे सायकलइतकेच तिच्या रस्त्यावरही अवलंबून असते.